चार माणसं आधीच बसवायची होती

प्रिय अण्णा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. तुमच्या लेकानं, भैय्यानं, गावच्या वेशीपासून आपल्या आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत फ्लेक्स लावलेत. त्यावर तुमचा फोटो आहे, पण शोधावा लागतो. वर नेतेमंडळींची रांग, मधोमध हात जोडलेला भैय्या, गॉगल कपाळावर. तुम्ही आपले खालच्या कोपऱ्यात, फेट्यासकट पासपोर्ट साइझमध्ये. आणि ठळक अक्षरांत लिहिलंय, 'आरोग्यातील सहयोगी नेतृत्वाचे शिल्पकार'. अण्णा, हे सगळं तुम्हाला एका दमात म्हणता तरी आलं असतं का हो?

काल सकाळी ओपीडी चालू असताना भैय्या स्वतः आला. रांगेतल्या एका म्हातारीला ओलांडून आत शिरला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "म्याडम, वर्षश्राद्धाला तुमाला स्टेजवर दोन शब्द बोलायचेत. अण्णांना समदे उपचार टायमावर भेटले, घरच्यांनी कायबी कमी पडू दिलं न्हाई, एवढं तुमच्या तोंडून आलं की बास. डाक्टरनं म्हणलं की लोकं मानत्यात."

समोर खोकणारी, पू झालेली, जुलाबानं गळालेली माणसं बसली होती आणि त्यांच्यातल्या कुणाचीही मला कधी शिसारी आली नाही. आली ती त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची आणि त्यावरच्या अत्तराची.

म्हणून आज हे पत्र. उद्या मी काय बोलणार आहे ते आधी तुम्हाला सांगायचंय. आज दुपारी आपल्या दवाखान्यात जे घडलं तेही सांगायचंय, कारण ते तुमच्याच घरचं आहे. पण सगळं क्रमानं. मध्ये बोलू नका, तुमची सवय मला ठाऊक आहे.

आपली पहिली भेट आठवते?

मी नवी नवी रुजू झालेले. घाटनांदूरच्या लिंगायत वाण्याची मुलगी, गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यात हयात गेलेलं घराणं. मला वाटायचं, माणसं सांभाळणं काय, आमच्या रक्तातच आहे! आणि वरच्या वाडीची रुक्मिण आली, पहिलटकरीण. बाळ आडवं. मी नवऱ्याला सांगितलं, इथं होणार नाही, नगरला न्यावं लागेल, आत्ताच्या आत्ता. तो मान हलवत म्हणाला, "हो म्याडम. जरा थांबा, चार माणसांना इचारतो."

चार माणसं! मुलगी बघायला चार माणसं, वाटणीला चार माणसं, बैल घ्यायला चार माणसं. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण बाईच्या पोटात बाळ अडलेलं असताना?

आली की चार माणसं. आवारातल्या चिंचेखाली बसली आणि त्यात पहिले तुम्ही. कुणीतरी चहा सांगितला. सिझर केल्यावर बाई कामाची राहत नाही, यावर एक फेरी झाली. कुणाची तरी आत्ती असंच अडली होती आणि घरीच मोकळी झाली, यावर दुसरी. आत रुक्मिण ओरडत होती, ते तुम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मी पुन्हा पुन्हा बाहेर येऊन सांगत होते. शेवटी तुम्ही तंबाखूची पिंक माझ्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीवर टाकलीत आणि म्हणालात, "बाई, गडबड करू नगा. हितं चार माणसं बसल्याबिगर म्हैस बी इकत न्हाईत."

तुमचा दुसरा कप रिकामा झाल्यावर गाडी निघाली. नगरला ऑपरेशन झालं. रुक्मिण वाचली, बाळ गेलं.

नंतर तुम्ही विचारपूस करायला आलात. वर हात करून म्हणालात, "देवाची मर्जी." मी आवारातल्या सगळ्यांदेखत म्हटलं, "अण्णा, मला तुमची किळस येते. तुमच्या त्या कपबशीची, त्या पिंकेची आणि असल्या मर्जीवाल्या तुमच्या देवाचीसुद्धा." सुरेखा सिस्टर मागून माझा अ‍ॅप्रन ओढत होती. तुम्ही माजी सरपंच, केंद्राच्या समितीचे अध्यक्ष, दोन वाड्यांत तुमच्या शब्दाबाहेर कुत्रं भुंकत नसे. तुम्ही तसेच निघून गेलात.

आणि ती किळस मी आजही परत घेतलेली नाही. तुम्ही गेलात म्हणून घेईन असं वाटलं असेल तर चूक आहे.

माझी आता बदली होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. सिस्टरनं तर माझं सामान बांधायला पोती कुठं मिळतील तेही पाहून ठेवलं होतं. आणि एक दिवस तुम्ही आलात. एकटे. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायचं सोडून पेशंटच्या बाकावर बसलात आणि विचारलंत, "बाई, चार माणसं कावून बसत्यात, म्हाईत हाय का तुमाला?"

"चहा प्यायला," मी म्हटलं.

"भ्या वाटतं म्हणून बसत्यात. नवऱ्यानं एकट्यानं हो म्हणलं आन् बायकू दगावली, तर सासुरवाडी त्येलाच धरती. जल्मभर. चार माणसं असली की दोष वाटून जातो."

"आणि बाळ? ते कुणात वाटून जातं?"

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की निर्णय डॉक्टरचा, संमती नातेवाइकांची. पण घाबरलेल्या माणसानं कुणाच्या आधारानं संमती द्यायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे रागानं बघत बसलो. तेवढ्यात सुरेखा सिस्टर धुतलेल्या चादरी घड्या करता करता म्हणाली, "अण्णा, लग्नाची सुपारी काय अक्षदा पडताना फुटती का? आधी फुटती की. मंग ही बी आधीच फोडा."

तिथून सुरू झालं सगळं. सातव्या महिन्यात, पोरगी धडधाकट असताना, दवाखान्याच्या व्हरांड्यात चार माणसं बसवायची. चहा काय प्यायचा तो तेव्हाच प्या. भांडायचं ते तेव्हाच भांडा. अडलं तर कुठं न्यायचं, कोणत्या गाडीनं, सोबत कोण जाणार, रक्त कोण देणार, घरची गुरं कोण बघणार, सगळं ठरवायचं आणि सुपारी फोडायची. मग कळा सुरू झाल्यावर कुणी कुणाला विचारायचं नाही. सुपारी फुटली म्हणजे शब्द दिला. कागद नको म्हणालात तुम्ही, "कागद आला की अंगठा आला, अंगठा आला की वकील आला."

ही कल्पना नक्की कुणाची हो? तुम्ही सगळीकडे सांगत फिरायचात, आमच्या डाक्टरबाईची. मी सांगायची, सिस्टरची. सिस्टर म्हणायची, मी आपली सहज बोलले, डोकं अण्णांचं. आता फ्लेक्सवर छापून आलंय, 'संकल्पना' आणि पुढं भैय्याचं नाव! तेव्हा तो पुण्यात होता आणि फोन करून तुमच्याकडे नव्या गाडीचा हट्ट धरत होता.

आणि भांडलो किती! मी म्हटलं, चारांपैकी दोन बाया पाहिजेत आणि त्यातली एक जिचं पोट आहे ती. तुम्ही उडालातच. "बाईमाणूस कुठं बसतंय चार माणसांत?" मी म्हटलं, मग कळाही चार माणसांनीच द्याव्यात. तुम्ही आठवडाभर फिरकला नाहीत. मग आलात, बाकावर बसलात आणि म्हणालात, "बसवा." एवढंच. का बदललात ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. आता विचारावंसं वाटतं, पण काय उपयोग?

मग खालच्या आळीचा पेच. तिथं शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान आणि तिथं त्यांचाच शब्द चालायचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून तुमचं त्यांचं तोंडदेखलंही बोलणं नव्हतं. मी म्हटलं, मी जाते, आम्ही एका पंथाची माणसं, माझं ऐकतील. तुम्ही म्हणालात, "तुमी जाऊन भागायचं न्हाई. वाकडं माजं हाय." आणि गेलात. अख्खा बाजार बघत होता म्हणे. अप्पांनी गल्ल्यावरून न उठता विचारलं, "कावून आलास बे?" तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "तुज्या आळीत माजं कोण ऐकंल? चार माणसांतली माजी जागा तू घे."

अप्पांनी चहा पाजला. साखर मुद्दाम कमी घातली होती, अशी तक्रार तुम्ही माझ्याकडे येऊन केलीत. मी हसले होते. अण्णा, पुढारीपण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आपली खुर्ची ज्याला द्यायची तो आपला माणूस नसला तरी चालतो, काम त्याच्या हातून होणार असेल तर द्यायची. तुमची किळस यायची ती जागच्या जागी होती, पण त्या दिवसापासून तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं.

पुढं व्हरांड्यात सुपाऱ्या फुटत राहिल्या. रुक्मिणच्या दुसऱ्या वेळी तुम्हीच तिच्या नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आलात. त्या मुलीचं नाव गौरी ठेवलंय. आता शाळेत जाते.

आणि मग गेल्या वर्षीची ती सकाळ. तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, मला मात्र विसरता येत नाही.

निरोप आला, अण्णांच्या छातीत दुखतंय. मी आणि सिस्टर पळत तुमच्या घरी आलो. तुम्ही ओट्यावर घामानं भिजून बसलेले. ईसीजीचं मशीन लावलं, पट्टी बघितली आणि काय ते कळलं. गोळ्या चावायला लावल्या. आपल्या केंद्राची गाडी दारात उभी होती. मी भैय्याला म्हटलं, हार्ट अ‍ॅटॅक आहे, नगरला घेऊन चला, उचला.

आणि तुमचा मुलगा काय म्हणाला, ऐकायचंय? "थांबा म्याडम. चार माणसांना इचारतो."

तुमच्याच ओट्यावर, अण्णा! तुमच्याच ओट्यावर सतरंजी पडली. भावकी जमली. एक म्हणाला नगर. दुसरा म्हणाला बीडला आपली ओळख आहे. तिसरा म्हणाला थेट पुणे, एवढ्या मोठ्या माणसाला नगरला नेलं तर लोक काय म्हणतील? कुणीतरी आमदारसाहेबांना फोन लावला, साहेब बैठकीत होते, त्यांच्या फोनची वाट बघायचं ठरलं. आणि गाडी? तुमची मोठी गाडी कडा गावी धुवायला गेलेली. अण्णांना सरकारी गाडीत कसं झोपवायचं, म्हणून ती येईपर्यंत थांबायचं. चहा आला. हो, चहासुद्धा आला.

मी ओरडले. शिव्या दिल्या. सिस्टरनं तुमच्या काखेत हात घालून उठवायला सुरुवात केली, तर तुमच्या पुतण्यानं तिचा हात झटकला. "तू नर्स हायस, नर्ससारखी ऱ्हा." आतल्या दारातून काकू ओरडल्या, "न्या की रं आता! न्या की!" एकानंही मान वळवली नाही. तुमची बायको, चाळीस वर्षांचा संसार, आणि तिचा आवाज त्या सतरंजीपर्यंत पोचत नाही.

तुम्ही मात्र माझा हात धरलात आणि म्हणालात, "बसू द्या, बाई. पोरगं भेलंय."

काय गरज होती हो एवढं समजून घ्यायची? तुम्ही नुसतं 'उचला' म्हणाला असतात तर सगळे उठले असते! दोन वाड्यांना आवाज देणारा माणूस, आणि स्वतःसाठी एक शब्द नाही. तुमच्या त्या वाक्याचा लोक गौरव करतील, मी नाही करणार. मला त्याचा संताप येतो.

घाट उतरायच्या आधीच तुम्ही गेलात. मी शेजारी होते.

आता माझी तक्रार ऐका. सगळ्या गावाची चार माणसं तुम्ही आधी बसवलीत, स्वतःची का नाही बसवलीत? रक्तदाब होता, साखर होती, मी किती वेळा म्हटलं होतं की हे फक्त बाळंतिणीचं काम नाही. तुम्ही म्हणायचात, "माजं काय, मी हाय की." आणि व्हरांड्यात बाया बसवायला निघालेल्या माणसानं आपल्या घरात काकूंना एकदा तरी बसवायचं होतं. बसवलं असतं, तर त्या सकाळी त्यांना दारातून ओरडावं लागलं नसतं.

तुमच्या मागं काय झालं ते ऐकून तर तुमचं डोकं फिरेल. भैय्यानं चार माणसांची 'समिती' केली. चारही भावकीतले, गळ्यात ओळखपत्रं. बाया गाळल्या. "हितं बी आरक्षण व्हय?" असं म्हणून हसले सगळे. अप्पांची जागा गेली. बैठक आता भैय्याला सवड असेल तेव्हा, फोटोवाल्याला सवड असेल तेव्हा, सुपारी पाहुण्यांच्या हस्ते. पोरीला शाल देतात, फोटो काढतात आणि गाडी कोणती, रक्त कोण देणार हे विचारायचं राहून जातं. आम्ही विचारायला लागलो की म्हणतात, ते नंतर बघू. सिस्टर आणि मी मागाहून एकेका घरी जाऊन गुपचूप ठरवतो. चोरी केल्यासारखं!

आणि मागच्या महिन्यात बीडला प्रशिक्षण. विषय काय, तर 'आरोग्यसेवेतील भागीदारी व सहयोगी नेतृत्व'. एसी हॉल, व्यासपीठावर सोफे, सत्कारातच दुपार झाली. पदाधिकाऱ्यांना खुर्च्या होत्या. सुरेखा सिस्टर आणि गावोगावच्या आशाताई भिंतीला टेकून उभ्या. जाकीटवाल्या एका माणसानं आम्हाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. सगळे कसे जोडलेले आहोत ते बघा म्हणे! भैय्याचा फोन वाजला, तो हातातला धागा सोडून बाहेर गेला आणि ते सगळं जाळं सिस्टरच्या पायात येऊन पडलं. ती खाली वाकून सोडवत बसली. मग त्याच भैय्याला 'आदर्श भागीदार' म्हणून चषक मिळाला आणि टाळ्या वाजल्या. जेवताना गुलाबजामसाठी जी रेटारेटी झाली ती सांगत नाही. मी न जेवताच निघाले.

हे सगळं मी गिळलं असतं, अण्णा. सरकारी नोकरीत गिळायला शिकतो माणूस. पण घशात अडकली ती पूजा.

पूजा तुमची सून, भैय्याची बायको. तुम्ही असताना नवी नवरी होती. आता आठवा लागलाय. पाय सुजलेत, रक्तदाब चढतोय, डोकं दुखतं म्हणते. ही झटके यायच्या आधीची लक्षणं, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी भैय्याला म्हटलं, तुमच्या घरची चार माणसं बसवा. तर म्हणतो काय, "आमच्या घरात कशाला? ते गोरगरिबासाठी हाय. माजं घर, मी हाय की. पुण्यात नाव घातलंय."

मी हाय की! अगदी तुमचंच वाक्य! बापाकडून नेमकं हेच उचलायचं होतं का त्यानं? पुणे म्हणजे मधला सगळा घाट आणि सगळा रस्ता. आणि उद्याच्या कार्यक्रमाच्या गडबडीत त्याला तिच्याकडे बघायलाही वेळ नाही.

आता आजची गोष्ट.

दुपारी ओपीडी उरकत आली होती. फाटकाशी काळी-पिवळी थांबली आणि तीतून काकू उतरल्या. काकू! वर्ष होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, ही तुमच्या घरची रीत आणि वर्ष उद्या भरणार. मागं पूजा, हळूहळू चालत. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. काकूंनी पदर सावरला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "बाई, आमची चार माणसं बसवायचीत."

"कोण कोण?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"येक ही. पोट हिचं हाय. दुसरी मी. तिसरी तुमची सिस्टर, तिचा हात झटकला हुता आमच्या ओट्यावर, ते मी पाह्यलंय. आन् चवथा माजा लेक. त्येला बलवा. सांगा, आई दवाखान्यात बसलीय."

फोन झाला. भैय्या धुरळा उडवत आला. मांडवाचं काम सोडून यावं लागलं म्हणून तणतणत होता, पण बाकावर आईला बघितल्यावर त्याचा आवाज उतरला. "आई, ह्ये काय? घरी चल. लोकं बगायलेत. उंद्या वरीस हाय अन् तू आज…"

"बस खाली."

"अगं पण…"

"तुज्या बापाच्या वक्ताला मी दारातून वरडले. कुणी ऐकलं न्हाई. आज मी हितं बसून बोलतीय. तू बी बस."

तो बसला. पूजाच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला. मी रक्तदाब घेतला, आकडा मोठ्यानं सांगितला, त्याचा अर्थ सांगितला. पुण्यापर्यंत वेळ मिळेलच असं नाही, हेही सांगितलं. काकूंनी आधी पूजाला विचारलं, "तुज्या मनात काय हाय?" पूजा भैय्याकडे बघत राहिली. काकू थांबल्या. सिस्टर थांबली. कुणीच तिच्या वतीनं बोललं नाही. शेवटी ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय. मला नगरलाच ठिवा. उंद्या कार्यक्रमात उभं ऱ्हाऊ नाय वाटत मला."

ठरलं. आजच नगर. आपल्याच केंद्राच्या गाडीनं, सिस्टर सोबत. मोठी गाडी धुवायला गेलेली असो नाहीतर दारात असो. रक्त भैय्या देणार, त्याचा गट जुळतो. काकूंनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला. सिस्टर क्षणभर थबकली, मी पाहिलं. विधवेनं सुपारी फोडायची? मग पूजानंच तळहात पुढं केला. काकूंनी सुपारी फोडून पहिलं खांड तिच्या हातावर ठेवलं.

भैय्या खाली मान घालून बसला होता. डोळे पुसत होता. अण्णा, मला वाटलं, चला, काहीतरी आत गेलं याच्या. तेवढ्यात त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "म्याडम, येक फोटो घ्या की चौघांचा. उंद्याला कामाला यील."

सांगा आता! हसावं की मुस्काटात द्यावी? काकूंनी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

मग जाताना त्यानं पुन्हा विषय काढलाच. "म्याडम, तेवढं उंद्याचं… अण्णांना समदं टायमावर भेटलं म्हणून…" मी काही म्हणायच्या आत काकू गाडीच्या पायरीवरून वळल्या. "बाई, खरं काय झालं त्ये सांगा. मी पुढंच बसणार हाय."

गाडी गेली. पोचल्याचा सिस्टरचा फोन आता आला. पूजाला दाखल करून घेतलंय, औषध सुरू आहे, काकू तिच्या उशाशी आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं परत येते म्हणाल्या, कार्यक्रमाला. बाळ-बाळंतीण सुटेपर्यंत माझ्या जिवाला घोर आहे, तुमच्याही असेल.

तर अण्णा, माझा शब्द ऐका. उद्या मी त्या स्टेजवर चढणार आहे. हार घेणार नाही, शाल घेणार नाही. तुम्ही कसे गेलात ते सांगणार आहे. गाडी दारात उभी असताना, चहाच्या फेऱ्या चालू असताना, बायको दारातून ओरडत असताना तुम्ही गेलात, हे तुमच्या भावकीसमोर सांगणार आहे. तुमचीही गय करणार नाही. रुक्मिणचं पहिलं बाळही सांगणार, कारण तिथं तुम्ही होतात. नंतर तुम्ही पायरीवर जाऊन बसलात तेही सांगणार, कारण तिथंही तुम्हीच होतात. माझी बदली झाली तर होऊ दे. पोती सिस्टर बघेल.

आणि खाली उतरायच्या आधी भावकीतल्या त्या चौघांना एकेकाला नावानं हाक मारून विचारणार आहे की, उद्या तुमच्या छातीत दुखलं तर तुमच्यासाठी 'उचला' कोण म्हणणार आहे? ज्यानं-त्यानं आपल्या बायकोकडे बघून उत्तर द्यायचं, तेही तिथंच, सगळ्या गावासमोर. त्याशिवाय माईक सोडणार नाही.

तुमच्याशी अजून भांडणारी,
डाक्टरबाई